ओळ जिथं तुटायची

पूर्णा गावात लग्न ठरलं की आधी हॉल बघतात, मग केटरर, मग डीजे, मग फोटोवाला. सगळं ठरून झालं की कुणाला तरी आठवण होते, अरे, धवलारणीला सांगायचं राहिलंच. मग धावत तुळजाकडे येतात. तुळजा दोन शब्द सुनावते, चहा पाजते आणि येते म्हणून सांगते. धवलारीण म्हणजे लग्नात धवले गाणारी बाई, एवढं म्हणून भागत नाही. आगरी माणसाचं लग्न पूर्वी भटजी लावायचाच नाही, धवलारीण लावायची. हळद कुटण्यापासून नवरी उंबऱ्याबाहेर पडेपर्यंत एकेका विधीला एकेक गाणं, आणि गाणं झाल्याशिवाय विधी पुरा नाही. आता भटजी आले, माईक आले, भाताच्या खाचरांवर गोदामं उभी राहिली आणि शेताच्या बांधावरून ट्रेलर वळायला लागले. तरी तुळजा गायल्याशिवाय पूर्ण्यातल्या नवरीच्या अंगाला हळद लागत नव्हती.

तर अशा बाईच्या नेमकी गळ्यालाच गाठ व्हावी, याला काय म्हणायचं. देवाला थट्टा येते पण कुणाची करावी ते कळत नाही, असं तुळजा स्वतःच म्हणायची.

गाठ काही आजची नव्हती. सुपारीएवढी होती तेव्हा तुळजानं गळ्यातली माळ सैल करून घेतली. लिंबाएवढी झाली तेव्हा ती पदर गळ्याभोवती घ्यायला लागली. बायका विचारायच्या, तर म्हणायची, "गानी साठल्यात." पेरूएवढी झाली तेव्हा मात्र उताणं झोपता येईना. झोपेत श्वासाला शिट्टी वाजायची. नात भाविका शेजारी झोपायची, ती म्हणायची, "आजी, गळ्यात कुकर लावलायस का?"

खरं दुखणं शिट्टीचं नव्हतं, एका ओळीचं होतं. धवल्यांत देवांना आवतण द्यायचं गाणं असतं. लग्नाला कुणाकुणाला बोलवायचं ते नाव घेऊन गायचं, देवांपासून शेजाऱ्यापर्यंत. ज्याचं नाव राहील तो रुसतो. त्यात सूर्याची ओळ सगळ्यांत लांब आणि सगळ्यांत उंच:

आवतान गो देते, खाडीच्या पल्याड उगवत्या सूर्यादेवाला.

ही ओळ एका श्वासात जायला हवी आणि 'उगवत्या'वर आवाज पार वर चढायला हवा. गेली काही वर्षं तुळजाचा श्वास 'पल्याड'पाशीच संपायचा. संपायचा म्हणजे कसा, तोंड उघडं आणि आत हवा नाही. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा शेजारी कमळ बसली होती. कमळ म्हणजे तुळजाची जोडीदारीण. धवला एकटीनं गायचा नसतो. एकीनं सांगायचा, दुसरीनं मागोमाग म्हणून झेलायचा. तुळजा पुढे आणि कमळ मागे, असं दोघी तरुणपणापासून गात आल्या. त्या दिवशी कमळनं क्षणाचाही वेळ न लावता 'उगवत्या सूर्यादेवाला' उचललं आणि ओळ पार नेली. नंतर जेवताना म्हणाली, "ती अर्धी ओल मना लय आवडतं गो. यापुढं मीच घेत जाईन."

तुळजा हो म्हणाली. दोघींनाही सगळं कळलं होतं, आणि दोघींनीही ताटातल्या वड्याकडे बघितलं. तेव्हापासून ओळ तशीच गायली जाऊ लागली, अर्धी हिची, अर्धी तिची. मागे बसणाऱ्या पोरींना वाटलं की ही रीतच आहे. त्याही 'पल्याड'पाशी थांबायच्या आणि कमळबरोबर 'उगवत्या' म्हणायच्या. एका बाईच्या दमाची अडचण गावाची रीत होऊन बसली.

आणि मग भाविकाचं लग्न ठरलं. वैशाखातलं. नातीच्या हळदीला आपल्या गळ्यातून ती ओळ तुकड्यांत निघणार, हे तुळजाला खपेना. तिनं मुलाला, दीपेशला, सांगितलं, "मना डाक्टरकडं ने."

दीपेशचे तीन टेम्पो गोदामांवर लागलेले. तो माणूस चांगला, पण आजारपण म्हटलं की टेम्पोची किल्ली घेऊन बाहेर पडणारा. तरी आईला घेऊन भिवंडीच्या कल्याण नाक्याजवळच्या हॉस्पिटलात गेला. तिथं गळ्याचं बघणाऱ्या डॉक्टर सुकन्या होत्या, तिशी-पस्तिशीच्या, केस मागे करकचून बांधलेल्या, नागपूरकडच्या. त्यांनी गाठ चाचपली, स्कॅन काढायला लावला, सुईनं गाठीचा तुकडा तपासायला पाठवला आणि रिपोर्ट आल्यावर स्कॅन पडद्यावर लावून तुळजाला जवळ बोलावलं.

"ही काळी नळी दिसते ना मावशी, ती श्वासाची. ती मधोमध आणि सरळ हवी. गाठीनं तिला बाजूला ढकललंय आणि चेपलंय पण."

तुळजा डोळे बारीक करून बघत राहिली. स्वतःच्या गळ्याच्या आत असं खिडकीतून डोकवावं तसं बघायला मिळेल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

"आमच्या गावचा रस्ता हाय ह्यो," ती म्हणाली. "दोनी बाजूनं गोदामा वाढली, मधून टेम्पो पन जात न्हाय."

डॉक्टर हसल्या. कागदावर लिहिता लिहिता विचारलं, "तुम्ही काम काय करता?"

"लगीन लावते."

"अरे वा. मग माझ्यासाठी पण बघा एखादं स्थळ."

"कसा पायजे?"

"स्वयंपाक येणारा."

"हाय एक. पन तो केटरर हाय, वैशाखात घरी नसतं."

डॉक्टरांनी मनापासून हसून 'घरगुती, लग्न जमवतात' असं काहीतरी लिहिलं आणि मुद्द्यावर आल्या. ऑपरेशन करावं लागेल. गाठ थायरॉईड ग्रंथीची, ती ग्रंथीच सगळी काढावी लागेल. मोठी आहे, पण बायोप्सीत वाईट काही नाही. ऑपरेशननंतर आवाज काही दिवस घोगरा राहील, बहुतेकांचा परत येतो. क्वचित कुणाचा वरचा सूर जातो. "पण काळजी करू नका, रोजच्या बोलण्याला काही अडचण येत नाही."

दीपेशला हायसं वाटलं. तुळजा मात्र परतीच्या वाटेवर टेम्पोत तेच घोळवत राहिली. वरचा सूर जातो, बोलण्याला अडचण नाही. म्हणजे घर जाईल पण ओटा राहील, असंच ना? गाठ ठेवली तर श्वास गेला, काढली तर सूर गेला. आणि श्वास गेल्यावर सूर काय तोंडी लावायचाय?

घरी आक्का येऊन बसलीच होती. आक्का म्हणजे तुळजाची मोठी नणंद. गावात कुणाला शिंक आली तरी हिला आधी कळते, आणि औषधही हिच्याकडे तयार असतं.

"गल्यावर सुरी म्हंजे आवाज गेलाच समज," आक्का म्हणाली. "त्या लडकूच्या आयचं कं झालं? आता ती कोंबरा आरवल्यावानी बोलतं."

"कोनचा लडकू?"

"कोनचाच लडकू गो. कोन गावचा, कल्यान रोडवरचा."

"ती पयल्यापासून तशीच बोलतं, आक्का. तिच्या लग्नात मीच गायलं व्हतं."

"तरी पन. मी बोलते अकलोलीला जा, गरम पान्याच्या कुंडात बस. माजे गुडघे बसल्या बसल्या बरे झाले."

"गुडघे बुडवून बसता येतं. गला बुडवून बसले तर मंग डाक्टरची गरजच न्हाय ऱ्हानार."

भाविका फिस्सकन हसली. दीपेशला हसू येईना. तो म्हणाला, "आई, लग्न होऊ दे. मग निवांत करू ऑपरेशन. आता काही झालं तर? तिच्या लग्नात तू गायला नको?"

"गायला पायजे म्हनूनच करायचं हाय."

"आणि आवाज गेला तर?"

तुळजानं पदर गळ्यावरून काढला. गाठ उघडी केली, पहिल्यांदाच, सगळ्यांसमोर.

"दीपेश, ह्या गाठीनं माजी ओल खाल्ली. आज अर्धी खाल्ली, उद्या सगली खाईल. तवा मना कोन इचारनार, तुला गायचं व्हतं का म्हनून? सुरीखाली जायची भीती मना पन हाय. पन सुरीच्या मागं मानूस हाय, त्याला सांगता येतं, जरा जपून. गाठीला कं सांगू?"

दीपेशनं ऑपरेशनची तारीख घ्यायला फोन काढला. आक्कानंसुद्धा चहाच मागितला.

आता सुरीमागच्या त्या माणसाला सांगायचं होतं. ऑपरेशनच्या आधी पुन्हा तपासायला बोलावलं, तेव्हा तुळजानं कमळला बरोबर घेतलं. दीपेश म्हणाला, कमळकाकी कशाला? तुळजा म्हणाली, साक्षीला.

डॉक्टर सुकन्यांनी नाकातून एक बारीक नळी आत घातली. तिच्या टोकाला कॅमेरा. नाकात झणझण झाली, डोळ्यांतून पाणी आलं, आणि समोरच्या पडद्यावर गळ्याचा तळ दिसायला लागला. ओला, गुलाबी, आणि मधोमध दोन पांढऱ्या पट्ट्या.

"हे तुमचे स्वरतंतू. 'ई' म्हणा बरं."

तुळजानं 'ई' म्हटलं. दोन पट्ट्या मिटल्या आणि थरथरल्या. थांबली तर उघडल्या. तिनं पुन्हा 'ई' म्हटलं, नुसतं बघायला. इतकी वर्षं जे तिच्या हुकमात होतं ते आज तिला पहिल्यांदा दिसत होतं. नळी निघाल्यावर ती कमळला म्हणाली, "चवलीच्या शेंगेएवढ्या पन न्हाईत गो. एवढ्याशांनी आख्खा पूर्णा गाव नाचवला."

मग तिनं डॉक्टरांकडे वळून सांगितलं, "डाक्टरीनबाई, त्या दिशी चूक झाली. मी लगीन जमवत न्हाय. लावते."

"म्हणजे?"

"कमले, धर."

आणि तिथंच, त्या पांढऱ्या खोलीत, तुळजानं आवतण सुरू केलं. बाहेर बाकांवर नंबरची वाट बघणारे लोक बोलायचे थांबले. सूर्याची ओळ आली. 'पल्याड'पाशी तुळजाचा श्वास तुटला, आतून हुक् असा बारीक आवाज आला, आणि कमळनं नेहमीसारखं उचललं. कमळचा आवाज बरा होता, पण 'उगवत्या'च्या शिडीवर तो पार वर चढत नव्हता, खालच्या पायरीवरूनच वळत होता.

गाणं थांबलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात पेन तसंच होतं.

"हे मला आधी कळायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "माझंच चुकलं, मी नीट विचारलं नाही." त्यांनी कागद उलटा करून त्यावर गळा काढला. बोलण्याची नस कुठून जाते ते दाखवलं. मग त्याच्या वर आणखी एक रेघ मारली, फार बारीक. "आणि ही उंच सुराची. ही सुताएवढी असते. प्रत्येक पेशंटमध्ये आम्ही जपतोच, पण ही डोळ्यांना पटकन दिसत नाही. आता एक मशीन आहे. नसेला धक्का लागायच्या आधी ते आवाज करून सांगतं. तुमच्या ऑपरेशनला ते मी मागवते. आणि वेळ जास्त घेऊन करते."

"मंग सूर ऱ्हाईल?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "शब्द देत नाही मावशी. घाई करणार नाही, एवढं नक्की सांगते."

तुळजाला हे उत्तर आवडलं. खोटा शब्द देणारे तिनं पुष्कळ पाहिले होते, जमीन घ्यायला आलेले सगळे तसेच होते.

ऑपरेशनच्या सकाळी दीपेशचा चेहरा असा झाला होता, की नर्सनं पेशंट कोण म्हणून त्यालाच विचारलं. तुळजानं त्याच्या गालावरून हात फिरवला. भाविकानं आजीच्या बांगड्या काढून स्वतःच्या हातात घातल्या. कमळ कोपऱ्यात उभी होती. तुळजा तिला म्हणाली, "तुजी अर्धी ओल घेऊन चालले. परत आनते."

आत थंडी होती. वर गोल दिवा, त्यात पुन्हा गोल गोल दिवे. चहूकडे हिरवी कापडं. भूल द्यायला डॉक्टर मोमीन होते, भिवंडीतलेच, वडिलांचे कापड विणायचे लूम होते म्हणून सांगत होते. तुळजा नस जपणाऱ्या त्या मशीनकडे टकमक बघत होती हे त्यांच्या ध्यानात आलं.

"अम्मा, डरना नहीं. धागा टूटा तो अपना लूम कैसे रुक जाता है? वैसाच है ये. फरक इतना, ये धागा टूटने से पहले चिल्लाता है."

"मंग हे तुमच्या लूमपेक्षा हुशार," तुळजा म्हणाली.

नर्सनं गळ्यावर पिवळं औषध लावायला घेतलं तेव्हा ती म्हणाली, "हलद लागली. अंतरपाट कवा धरनार?" हिरवं कापड हनुवटीखाली आडवं येणार होतंच. मास्कमागचे सगळे डोळे हसत होते. डॉक्टर मोमीन म्हणाले, अब दस तक गिनो. पण अशा भरल्या मांडवात आकडे मोजायची तुळजाला लाज वाटली. तिनं हलक्या आवाजात आवतणच धरलं. आवतान गो देते, दिवा धरनाऱ्या सिस्टरला. आवतान गो देते, झोप देनाऱ्या मोमीन डाक्टरला. आवतान गो देते...

पुढचं नाव घ्यायचं होतं. डॉक्टर सुकन्या हातमोजे घालून उभ्या होत्या, तिच्याकडेच बघत होत्या. नाव जिभेवर आलं आणि दिवे विझले.

पुन्हा जाग आली तेव्हा कुणीतरी तिचं नाव घेऊन हाका मारत होतं. गळा जड होता, तोंडाला कोरड होती. छातीत मात्र काहीतरी वेगळंच होत होतं. कळायला वेळ लागला. हवा आत जात होती. शिट्टी न वाजवता, वाट न विचारता, सरळ आत जात होती.

"मावशी, काहीतरी बोला," डॉक्टर सुकन्या वाकून म्हणत होत्या. त्यांच्या कपाळावर टोपीचा वळ उमटला होता. "काहीही. एक शब्द."

तुळजानं ओठ हलवले. पहिल्यांदा काहीच आलं नाही, आणि डॉक्टरांचा चेहरा घट्ट झालेला तिला दिसला. तिनं आवंढा गिळला, दुखलं. पुन्हा जोर केला.

"आवतान... गो देते," आवाज खरखरीत होता, भांडं घासल्यासारखा, पण होता. "सुकन्याबायला. तुमचंच ऱ्हायलं व्हतं. रुसाल."

डॉक्टर सरळ झाल्या, वळल्या, आणि उगाचच सलाईनच्या बाटलीशी काहीतरी करत राहिल्या. मग म्हणाल्या, "मशीन एकदा ओरडलं होतं. तेव्हा मी हात मागे घेतला आणि दुसऱ्या बाजूनं गेले. दोन्ही नसा शाबूत आहेत. आता वरचा सूर यायला वेळ लागेल. सुजलेलं असतं सगळं. धीर धरायचा."

धीर धरणं तुळजाच्या स्वभावात नव्हतं, पण हट्ट होता. त्यावर तिनं काम भागवलं. बोटांना मुंग्या आल्या की कॅल्शियमची गोळी. सकाळी उठल्याबरोबर रिकाम्या पोटी थायरॉईडची गोळी, ती आता जन्मभर. "नवऱ्यानं दिली न्हाय तेवढी साथ ही देनार," असं ती रोज गोळीला सांगायची. आणि आवाजाचा व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी एक काम दिलं होतं: ग्लासात पाणी घ्यायचं, स्ट्रॉ बुडवायची, आणि पाण्यात बुडबुडे काढत 'ऊ' असा सूर लावायचा. ओटीवर बसून तुळजा रोज ते करायची. आक्का कपाळाला हात लावायची.

"तुलजे, पानी पी ना. फुगे कं काढतेस?"

"सूर शिजतंय, आक्का. जरा दम काढ."

फाल्गुन गेला. बोलणं स्वच्छ झालं. ती उताणी झोपायला लागली, भाविकाला कुकरची आठवण यायला लागली. पण 'उगवत्या'चा सूर येईना. तुळजा वर चढायला जायची आणि आवाज मध्येच भुसभुशीत व्हायचा. परसात जाऊन एकटीच करून बघायची आणि गप्प घरात यायची. कमळला तिनं तालमीला बोलावलं नाही. ज्या बाईनं इतकी वर्षं झाकलं, तिच्यासमोर आता उघडं पडायला तिला संकोच वाटत होता.

दीपेशला हे कळत होतं. आईला त्रास नको म्हणून त्यानं त्याच्या परीनं तोड काढली. एका दुपारी तो डीजेवाल्याला फोनवर काहीतरी ऐकवत होता. तुळजा आतून आली तर फोनमधून तिचाच आवाज. गेल्या वर्षीच्या कुठल्याशा हळदीचं रेकॉर्डिंग.

"काही नाही आई, तुला नाही जमलं तर हे लावू. मोठ्या स्पीकरवर मस्त वाटेल. कुणाला कळणार पण नाही."

"मी जिती हाय ना रं?"

"तसं नाही..."

"ऱ्हा. वाजू दे."

ती तिथंच बसली आणि ऐकलं. गाताना जे कधी ऐकू आलं नव्हतं ते आता आलं. 'खाडीच्या पल्याड', मग तो हुक्, जीव अडकल्यासारखा, आणि त्या हुक्वर कमळचा आवाज. इतका पटकन, की हुक् झाकला जावा. झाकायचीच घाई होती त्यात. कमळनं या गाण्यात स्वतःसाठी काहीच गायलं नव्हतं. तुळजाचे डोळे भरून आले. तिला रागही आला, स्वतःचा, गाठीचा, सगळ्याचाच.

"हे लावायचं न्हाय," ती म्हणाली. "पुसून टाक. आवाज आला तर गाईन, न्हाय आला तर खालच्या सुरात गाईन. पन मी गाईन, माज्या तोंडानं."

हळदीच्या दिवशी घरासमोर मांडव पडला. एका अंगाला गोदामाची निळी पत्र्याची भिंत, दुसऱ्या अंगाला दीपेशचे टेम्पो धुऊन उभे केलेले. डीजेवाल्याला धवले संपेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही असा दम भाविकानंच भरला होता. डॉक्टर सुकन्या आल्या, साडी नेसून, ओळखू येईनात. आक्कानं त्यांना शेजारी बसवून घेतलं आणि गुडघे दाखवायला सुरुवात केली.

भाविका पाटावर बसली. तुळजा तिच्या उजवीकडे, कमळ तुळजाच्या मागे, आणि तिच्या मागे पोरी. तुळजाच्या गळ्यावर आता फक्त एक बारीक रेघ होती, गळ्याच्या वळीत लपलेली. तिनं ती पदरानं झाकली नाही.

तिनं सुरुवात जरा खालूनच केली. धरतरीला आवतण दिलं, गावदेवीला दिलं, पाण्याला, अग्नीला दिलं. आवाज पूर्वीपेक्षा थोडा जाड होता, पण धावत होता. बायका माना डोलवू लागल्या. कमळ ओळ झेलत होती, आणि सूर्याची ओळ जवळ यायला लागली तशी ती पुढे सरकली. तिचा गुडघा तुळजाच्या पाठीला लागला. दर वेळी लागायचा तसाच. मी हाय, असं सांगणारा.

सूर येईल का, हे तुळजाला अजूनही माहीत नव्हतं. तिनं श्वास घेतला. तो आत गेला, आणखी गेला, कुठं जागा उरली असेल असं वाटलं नव्हतं तिथवर गेला.

आवतान गो देते, खाडीच्या पल्याड

आणि कमळनं सवयीनं उचललं. मागच्या पोरींनीही उचललं. 'उगवत्या' म्हणून त्या सगळ्या एकदम शिरल्या, आणि ओळीत आधीच कुणीतरी होतं. तुळजा थांबलीच नव्हती. आवाज आवाजावर आदळले. पोरी गोंधळून गप्प झाल्या. कमळचा अर्धा शब्द तोंडातच राहिला. आणि त्या सगळ्यांच्या वर, एकटीचा, तुळजाचा सूर 'उगवत्या'वर चढत गेला. वर पोचताना तो कडेला जरा फाटला, नव्या कापडाचा काठ फाटावा तेवढाच, पण पोचला. तिथं तो टिकला, आणि मग सावकाश, घाई न करता, सूर्यादेवापाशी उतरला.

आक्कानं गुडघ्यावरची साडी खाली ओढून घेतली. डॉक्टर सुकन्या स्वतःच्याच गळ्यावर हात ठेवून बसल्या होत्या.

तुळजा वळली. कमळ रडत होती, उघड, डोळे न पुसता.

"हुकले गो," कमळ म्हणाली. "मना वाटलं, तू थांबशील."

"थांबत व्हते. आता न्हाय."

"मंग मी कं गाऊ? माजी तर तेवढीच ओल व्हती."

तुळजानं तिचा हात धरून तिला पुढे ओढलं, आपल्या शेजारी, पाटाच्या अगदी लगत. पुढची ओळ चंद्राची होती, तीही लांबच.

"ही तू घे," ती म्हणाली. "सबंद घे."

कमळनं पदरानं नाक पुसलं, भाविकाकडे बघितलं, आणि आवतण धरलं. तिला सुरुवातीपासून ओळ घ्यायची सवय नव्हती, म्हणून पहिला शब्द जरा अडखळला. तुळजानं मध्ये उचललं नाही, ओळ पुरी होऊ दिली आणि मग तिच्या मागोमाग झेलली.